बुटीबोरीची मेट्रो : स्टेशन तर होईल, पण चढणार कोण? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या वर्धा रोडवरच्या बुटीबोरी या औद्योगिक गावापर्यंत नागपूरची मेट्रो येणार, हा विषय निघाला की आसपासच्या टाकळघाट, बोरी, मोहगाव, सिंदी, बेला या भागातली मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेट्रो बुटीबोरीला येणार म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत?

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. हा टप्पा ४३.८ किलोमीटरचा असून त्यात ३२ स्टेशनं आहेत आणि मंजूर खर्च ६,७०८ कोटी रुपये आहे. त्याच्या चार शाखा चार दिशांना जातात : बुटीबोरी, कामठीवरून कन्हान, हिंगणा आणि कापसीकडचं ट्रान्सपोर्ट नगर. आपली शाखा मिहानपासून (नागपूर विमानतळाजवळचा औद्योगिक प्रकल्प) बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत, साधारण साडेअठरा किलोमीटरची. डोंगरगाव, मोहगाव, मेघदूत सिडको, बुटीबोरी पोलीस स्टेशन, म्हाडा कॉलनी अशी स्टेशनं घेत ती एमआयडीसीत शिरते. शेवटच्या स्टेशनचं नाव एमआयडीसी ईएसआर. ईएसआर म्हणजे पाण्याची उंच टाकी, एवढं सांगितलं की इथल्या माणसाला जागा कळते.

२. ही मेट्रो जमिनीखालून जाणार का?

नाही. नागपूरची मेट्रो पहिल्या टप्प्यातही जमिनीखालून गेली नाही आणि दुसऱ्यातही जाणार नाही. खांबांवरच्या स्टेशनला जिना, सरकता जिना किंवा लिफ्टने चढावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना आणि गुडघेदुखीच्या पेशंटना लिफ्टचं दार रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे, यानेच फरक पडतो. आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. लिफ्ट पलीकडच्या बाजूला निघाली तर ट्रकांच्या रांगेतून वाट काढत कोणी आजी स्टेशनवर जाणार नाही.

३. रोज अमुक हजार प्रवासी, असं सांगतात तेव्हा माणसं मोजतात की तिकिटं?

फेऱ्या मोजतात. तुम्ही सकाळी बर्डीला (म्हणजे नागपूरच्या मध्यावरच्या सीताबर्डीला) गेलात आणि संध्याकाळी परत आलात की दोन प्रवास धरले जातात. म्हणून एक लाखाचा आकडा वाचला तर साधारण पन्नास हजार माणसं समजायची. गावच्या लोकसंख्येची आणि मेट्रोच्या आकड्याची तुलना करताना हीच गल्लत सर्रास होते.

४. मग एका स्टेशनसाठी "पुरेसे" प्रवासी म्हणजे किती?

सोपा हिशेब मांडू. समजा सकाळी ६ ते रात्री १० या वेळात दर पंधरा मिनिटांनी बुटीबोरीहून गाडी सुटते, म्हणजे दिवसाला ६४ गाड्या. प्रत्येक गाडीत आपल्या स्टेशनवरून वीस जण चढले तर दिवसाचे १,२८० झाले. तीन डब्यांच्या एका गाडीत साडेनऊशेच्या आसपास माणसं मावतात, त्यामुळे वीस जण चढलेली गाडी बघणाऱ्याला रिकामीच दिसेल. पण टोकाचं स्टेशन नेहमी असंच असतं, गाडी शहराकडे सरकते तशी भरत जाते. एका स्टेशनचा फलाट पाहून अख्ख्या मार्गाचा निकाल लावू नका.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ६,७०८ कोटींना ४३.८ ने भागलं तर किलोमीटरमागे दीडशे कोटींहून जास्त खर्च येतो. हा पैसा निव्वळ तिकिटातून जगात क्वचितच कुठे वसूल झाला आहे. जाहिराती, दुकानं, जागेचं भाडं याचा आधार सगळ्याच मेट्रोंना घ्यावा लागतो. माझ्या मते निदान रोजचा चालवण्याचा खर्च निघावा आणि रस्त्यावरची गर्दी, अपघात, धूर खरोखर कमी व्हावा, ही वाजवी अपेक्षा आहे. तेवढंही झालं नाही तर स्टेशन फसलं असंच म्हणावं लागेल.

५. नागपुरातच गाड्या भरत नाहीत म्हणतात. मग आमच्याकडे कोण चढणार?

नागपुरात पहिला मार्ग मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी असा सुरू झाला आणि पूर्ण टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. १ जानेवारी २०२३ ला एका दिवसात दोन लाखांच्या वर प्रवास झाले. त्याच वर्षी साध्या दिवशी मात्र आकडा लाखाच्या आतच राहिला. हौसेने बसणारा आणि रोज बसणारा, या दोघांत एवढं अंतर असतं. बुटीबोरी सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी लेकराबाळांची झुंबड उडेल. तिचे फोटो पाहून कोणी हुरळून जाऊ नये. खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यातल्या मंगळवारी सकाळी असते.

हे फक्त नागपूरचं दुखणं नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०२२ च्या अहवालात देशातल्या अनेक मेट्रोंची प्रवासीसंख्या कमी असल्याचं नोंदवलं आणि घरापासून स्टेशनपर्यंतच्या सोयीवर बोट ठेवलं. उलट पुण्याचं उदाहरण धीर देणारं आहे. मार्च २०२२ मध्ये तिथे दोन वेगवेगळे तुकडे सुरू झाले तेव्हा गर्दी बेताची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मार्ग वाढून शिवाजीनगरच्या न्यायालयाजवळ एकमेकांना जुळले आणि प्रवासी एकदम वाढले. माणसाला जिथून जिथे जायचं तिथवर गाडी गेली की तो बसतो. बुटीबोरीचं टोक बर्डीला आणि तिथून हिंगणा, कामठीला जोडलं जाणार आहे, ही आपली जमेची बाजू.

६. एमआयडीसीत एवढे कामगार आहेत. तेवढ्यावर स्टेशन चालणार नाही का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कामगार आहेत म्हणजे प्रवासी आहेत, असं धरून चालणं ही मोठी चूक ठरेल.

पहिली अडचण पाळीची. कारखान्यांच्या पाळ्या साधारण सकाळी ६ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री १० आणि रात्री १० ते सकाळी ६. नागपूर मेट्रोची वेळ साधारण सकाळी ६ ते रात्री १०. सीताबर्डीहून सहाला सुटलेली पहिली गाडी बुटीबोरीला सातच्या सुमारास पोचेल (वेळेचा हिशेब प्रश्न ८ मध्ये). म्हणजे पहिल्या पाळीचा माणूस गेलाच. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी येताना मेट्रोने येईल, पण रात्री दहाला कार्ड पंच करून, हातपाय धुऊन गेटबाहेर येईपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असेल. जाण्याची सोय आहे पण येण्याची नाही, अशा साधनाने कोणी रोज जात नाही. तो दोन्ही वेळा दुसरंच काही पाहतो.

दुसरी अडचण घराची. ठेकेदाराकडे काम करणारे बरेच मजूर बोरी, टाकळघाट, सातगाव अशा जवळच्या गावांत खोली करून राहतात. चौघं-पाचजण मिळून एक खोली, दारात सायकली उभ्या. त्यांना नागपूरला रोज जायचंच नसतं.

तिसरी अडचण कंपनीच्या बसची. नागपूरहून येणारा सुपरवायझर, ऑपरेटर, ऑफिसचा माणूस कंपनीच्या बसने येतो. पहाटे छत्रपती चौकात, प्रतापनगरला उभं राहायचं आणि थेट गेटमध्ये उतरायचं. तिकीट लागत नाही, उन्हात चालावंही लागत नाही. ही सोय सोडून तो मेट्रोत का बसेल?

यातूनच उपाय दिसतो. कारखान्यांनी लांब पल्ल्याच्या बसऐवजी स्टेशन ते गेट अशा छोट्या गाड्या लावल्या आणि कामगाराला मेट्रोचा पास दिला तर कंपनीचा डिझेलचा खर्च वाचेल. पण त्यासाठी पहिली गाडी पाचच्या आधी आणि शेवटची अकराच्या पुढे हवी. मेट्रोला रात्री रुळांची आणि विजेच्या तारांची देखभाल करायला काही तास लागतात, ते मान्य. तरी एमआयडीसीच्या मार्गावर पाळ्यांचं घड्याळ पाहून वेळापत्रक लावणं अशक्य नाही. बुटीबोरीच्या स्टेशनचं नशीब फलाटाच्या लांबीवर ठरणार नाही, या दोन गाड्यांवर ठरेल.

साधारण साडेनऊ ते साडेपाच काम करणारा ऑफिसचा वर्ग मात्र मेट्रोला सहज मिळेल. तो सकाळी नागपूरहून इकडे येतो आणि त्याच वेळी आपली कॉलेजची पोरं, पेशंट, कोर्टकचेरीची माणसं तिकडे जातात. गाडी दोन्ही अंगांनी भरणं कोणत्याही मेट्रोला हवं असतं आणि शहराच्या कडेच्या वस्तीत ते सहसा घडत नाही. बुटीबोरीत घडू शकतं.

७. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मेट्रोचं पूर्ण तिकीट कोण काढेल?

अगदी रास्त प्रश्न. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना पन्नास टक्के सवलत आहे. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट लागतं. ही सवलत एसटीपुरती आहे, मेट्रोला ती आपोआप लागू होत नाही. त्यामुळे बाजाराला किंवा माहेरी जाणारी बाई लालपरीच धरणार, आणि तिचं बरोबरच आहे.

रोज जाणाऱ्या मुलींचं गणित निराळं आहे. एसटी फाट्यावर थांबेल की नाही, थांबली तर पाय ठेवायला जागा असेल का, संध्याकाळी परतीची कधी येईल, या विवंचनेत त्यांचा जीव जातो. ठरलेल्या मिनिटाला येणारी, कॅमेरे आणि उजेड असलेली गाडी मिळाली तर आईबाप चार पैसे जास्त द्यायला तयार होतात. नागपूर मेट्रोत विद्यार्थ्यांना सवलत आहेच. महिलांसाठी मासिक पास निघाला तर तो या स्टेशनला जाहिरातीपेक्षा जास्त प्रवासी देईल.

८. वेळ किती वाचेल?

बुटीबोरी ते बर्डी अंतर मेट्रोने तीस किलोमीटरच्या थोडं वर धरा. थांबे धरून मेट्रोचा सरासरी वेग ताशी ३२ ते ३५ किलोमीटर पडतो, म्हणजे तासाला थोडा कमी. रस्ता मोकळा असेल तेव्हा फटफटीवाला याच वेळात पोचतो. म्हणून मेट्रोने वेळ वाचेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वेळेचा भरवसा मिळेल, हे मात्र नक्की. पावसात, लग्नसराईच्या दिवसांत, वर्धा रोडवर ट्रक आडवा पडला तरी तासाचे दोन तास होणार नाहीत.

९. आमचं गाव स्टेशनपासून पाच-सात किलोमीटरवर आहे. आम्हाला काय उपयोग?

खरा प्रश्न हाच आहे आणि सगळी मेख इथेच आहे.

शहरात माणूस स्टेशनपर्यंत पाचशे-सातशे मीटर चालतो, फार तर किलोमीटर. विदर्भाच्या मे महिन्यात तेवढंही जड जातं. पारा ४५ अंशांवर गेला की डांबरी रस्त्याच्या कडेने दुपारी दीड वाजता अर्धा किलोमीटर चालून बघा, रुमाल बांधूनही डोकं भणभणतं. तेव्हा पायी येणाऱ्यांचा घेर इथे शहरापेक्षा लहान धरायला हवा. आणि त्या लहान घेरात वस्ती विरळच आहे : थोडी वावरं, थोडे गोडाऊन, थोडे रिकामे प्लॉट.

त्यामुळे बुटीबोरीचं स्टेशन बुटीबोरीच्या भरवशावर चालणार नाही. ते टाकळघाट, मोहगाव, रुईखैरी, बेला, सिंदी या गावांच्या भरवशावर चालेल. त्यांना स्टेशनवर आणणारं काहीतरी हवं : फाट्याफाट्यावरून वेळेवर सुटणारी मिनीबस, नाहीतर ठरलेल्या भाड्याचे शेअर ऑटो. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात हे स्पष्ट लिहिलं आहे. स्टेशनच्या दोन्ही अंगांना पाच किलोमीटरच्या पट्ट्यासाठी जोडसेवा, पायवाटा, सायकलमार्ग यांचा आराखडा आणि खर्च प्रकल्पातच दाखवायचा आहे. म्हणजे ही सोय मागताना आपण उपकार मागत नाही.

सायकलचाही विचार करा. नागपूर मेट्रो सायकल डब्यात नेऊ देते. घरून सायकल, मग मेट्रो, उतरून पुन्हा सायकल, हे कॉलेजच्या पोरांना सहज जमेल.

१०. फटफटी सोडून कोणी येईल का?

काही जण येतील. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, लिटरला ४५-५० चं अ‍ॅव्हरेज धरलं तर सव्वा लिटर पेट्रोल, म्हणजे शंभराच्या वरच्या भावाने दिवसाला सव्वाशे-दीडशे रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन हजारांच्या वर. वर टायर, ऑइल आणि महामार्गावरचा जिवाचा धोका. एकट्याने जाणाऱ्याला मेट्रो परवडेल. मागे बायकोला किंवा मित्राला बसवून जाणाऱ्याचा पेट्रोलचा खर्च दोघांत वाटला जातो आणि मेट्रोची तिकिटं मात्र दोन लागतात, तो येणार नाही. स्टेशनखाली सावलीची, राखणदार असलेली आणि स्वस्त पार्किंग असेल तरच हा वर्ग वळेल. दिवसभर उन्हात गाडी ठेवायला कोणी राजी नसतं.

११. स्टेशनजवळ भराभर ले-आउट पडताहेत. वस्ती वाढली की प्रवासी आपोआप वाढतील ना?

प्लॉट विकला गेला म्हणजे माणूस राहायला आला असं नाही. वर्धा रोडला कितीतरी ले-आउटमध्ये रस्ते आखलेले, विजेचे खांब उभे आणि मधे गवत कमरेइतकं वाढलेलं दिसतं. ते प्लॉट गुंतवणुकीत अडकलेले असतात, आणि रिकामा प्लॉट तिकीट काढत नाही. स्टेशनजवळ प्रवासी हवे असतील तर राहती घरं हवीत, आणि कामगाराला परवडतील अशा भाड्याची हवीत.

मेट्रोच्या नावावर वावर विकायला किंवा प्लॉट घ्यायला निघाला असाल तर आधी सातबारा, अकृषक परवानगी आणि एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी स्वतः पाहा. "मेट्रोपासून पाच मिनिटं" हे फलकावरचं अंतर पायी चालून मोजा.

१२. कामठी-हिंगण्याला गर्दी जास्त मिळेल. मग बुटीबोरीवर खर्च कशाला?

कामठीला जास्त मिळेल, यात मला शंका नाही. जुनं, दाट वस्तीचं गाव, छावणी, ड्रॅगन पॅलेस आणि नागपूरशी रोजचा राबता. हिंगणा मार्गावर वानाडोंगरीची कॉलेजं आहेत. बुटीबोरीची मार्गिका सगळ्यात लांब आणि सगळ्यात विरळ. म्हणूनच वेळापत्रक आणि जोडसेवेची सर्वात जास्त गरज हिला आहे. बाकीच्या शाखा थोड्या आळसावरही चालून जातील, ही जाणार नाही.

१३. सिंदी, वर्ध्याकडच्यांनी मेट्रो धरावी की रेल्वे?

वर्ध्याहून थेट नागपूरला जायचं तर रेल्वेच. तिकीट स्वस्त आणि वेळही कमी. सिंदी, तुळजापूर, बोरखेडी अशा लहान स्टेशनांवर मात्र थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. गाडी चुकली की बुटीबोरीपर्यंत बस किंवा ऑटोने येऊन पुढे मेट्रो, हा मार्ग कामी येईल. ब्रॉडगेज मेट्रोची योजना वेगळी आहे. ती रेल्वेच्याच रुळांवरून वर्धा, काटोल, रामटेक, भंडाऱ्याकडे धावणारी कल्पना असून तिच्यासाठी २०१८ मध्ये करार झाला होता. दोन्ही नावांत मेट्रो असल्याने लोक त्या एकच समजतात.

१४. पेशंटला दवाखान्यात न्यायला सोयीची पडेल का?

एम्सला पडेल. एम्स मिहानमध्येच आहे, आपल्या मार्गावर. पण स्टेशनवर उतरल्यावर दवाखान्याच्या दारापर्यंत वाहन हवं. मेडिकलला (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) जायचं तर अजनी किंवा काँग्रेसनगरला उतरून पुढे ऑटो. ओपीडीचा नंबर लावायला माणसं सकाळी लवकर निघतात, म्हणून प्रश्न ६ मधली पहाटेची गाडी पेशंटांनाही तितकीच हवी.

१५. भाजी, दूध घेऊन चढता येईल का?

पिशवीभर भाजी, डब्यातलं दूध, हातातलं सामान चालतं. कॅरेट, पोती, मोठे कॅन चालणार नाहीत. मालासाठी आपली टाटा एस आहेच.

१६. ग्रामसभेने ठराव करायचा तर त्यात काय मागावं?

नुसतं "आमच्या गावाला मेट्रो द्या" लिहू नका, ती होते आहेच. गावातून सकाळी किती जण, किती वाजता, कुठे जातात याची यादी करा. शाळा-कॉलेजची पोरं, कंपनीचे कामगार, पेशंट वेगवेगळे लिहा. मग त्या यादीच्या आधारे फाट्यापासून जोडबस, स्टेशनखाली सावलीची पार्किंग आणि गावाच्या बाजूला जिना-लिफ्ट मागा. धोरणातल्या पाच किलोमीटरच्या तरतुदीचा (प्रश्न ९) उल्लेख ठरावात जरूर करा. गाव पाच किलोमीटरच्या थोडं बाहेर असेल तर शेजारच्या गावासोबत मिळून ठराव द्या, बसचा मार्ग दोन्ही गावांतून काढता येतो.

१७. जामठ्याला सामना असला की तुफान गर्दी होईल. ती हिशेबात धरायची का?

धरू नका. जामठ्याच्या स्टेडियमवर एका सामन्याला चाळीस हजारांच्या वर माणूस जमतो आणि त्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालवावी लागते. पण असे दिवस वर्षात मोजकेच. वर्षाच्या सरासरीत ते दिसतही नाहीत. त्या रात्रींचा एक उपयोग मात्र आहे. सामन्यासाठी मध्यरात्रीपर्यंत गाड्या सोडता येतात, तर दुसऱ्या पाळीच्या कामगारासाठी रोज अकराला एक गाडी का सोडता येऊ नये, हे विचारायला आपल्या हाती ठोस उदाहरण मिळतं. ठरावात हेही लिहा.